मेणाखाली हरपलेल्या चिलमीची बखर

॥ श्री ॥ ज्या देवाने वृक्षांस साल दिधली आणि ती चाचपावयास मनुष्यास आंगठा दिधला, त्यास आधी नमस्कार. शके सोळाशे पंधरा, श्रीमुख नाम संवत्सर, माघमासी थंडीचा कडाका असतां एका राज्यी वर्तमान घडले ते ऐसे जे, तेथील महाराज वृद्ध जाहले होते, दृष्टी अधू जाहली होती, आणि परमुलखीच्या वकिलाने नजर केलेली वाकड्या मानेची लाकडी चिलीम त्यांस जीव की प्राण होती. तिचे अंगावर बाभळीच्या सालीसारख्या खाचाखोचा कोरिल्या होत्या, आणि महाराज विचारांत पडले म्हणजे आंगठा त्या खाचांतून हिंडत असे. चिलमीची राखण सुभानजी चिलीमदाराकडे. माणूस इमानी, परंतु हौशी. त्या साली महाराजांस दोन मास ज्वर आला आणि वैद्यांनी तमाखू बंद केली, तेव्हां सुभानजीने मनी धरिले की धन्याची चिलीम लखलखीत ठेविली तर धनीही उठून बसेल, आणि मग दोन्ही वेळां तीस मेण चोपडून घाशीत बसला. मेण खाचांत भरले आणि थंडीने थिजले, आणि चिलीम ऐशी तुळतुळीत जाहली की तींत पाहून मिशीस पीळ द्यावा. मग महाराज बरे जाहले, गादीवर बसले, चिलीम हाती घेतली, तों आंगठा घसरला. पुन्हा घसरला. महाराज बोलिले, "ही आमची नव्हे. आमची कोणी नेली?" सुभानजीची वाचाच बसली. दिवाणजींनी हुकूम सोडिला की उद्यां तिसऱ्या प्रहरापर्यंत खरी चिलीम हजर न केल्यास सुभानजीने बायकोलेकरासह राज्याची वेस ओलांडावी.

ऐशियास, त्याची बायको गोजराबाई बाळंत होऊन एकवीस दिवस जाहले होते. घरांत शेगडी, ओव्याची धुरी, मांडीवर तान्ही लेक. सुभानजी तीच चिलीम हाती घेऊन उंबऱ्याशी मटकन बसला आणि सगळे सांगता जाहला, आणि ऐकतां ऐकतां गोजराबाईने लेकीभोवतीचे दुपटे आवळून धरिले, की या थंडीत ही एवढीशी पोर घेऊन कोण्या मुलखास जावे? मग तिने चिलीम मागून घेतली, उलटीसुलटी केली, सहज नख लाविले, तों नखाखाली पिवळी वळकटी निघाली. तेव्हां ती म्हणाली, "अहो, चिलीम कोठे गेली नाही. तुम्हीच तीस पांघरूण घातले आहे."

सुभानजी सुरी आणावयास धांवला. गोजराबाई बोलिली, "लेकीच्या टाळूवरची खपली सुरीने काढाल काय? ठेवा ती." मग तो म्हणाला, कढत पाण्यांत बुडवूं. ती म्हणाली, लाकूड फुगेल, तडकेल, मग महाराजांस काय, ढलपी देणार? आणि तिने लेकीस त्याचे मांडीवर दिधले, शेगडीची आंच मनगटावर घेऊन पाहिली, लेकीस सोसेल तितकीच ऊब चिलमीस दिधली. हळूहळू चिलमीस घाम फुटला, आणि तिने जुन्या मलमलीच्या फडक्याने तो टिपून घेतला, आणि निंबाची काडी चावून तिचा मऊ कुंचला करून एकेक खांच कोरडी केली. मग लेक रडली, काम राहिले. पाजून निजविली, काम चालले. पुन्हा रडली, पुन्हा राहिले. दुसरे दिवशी दोन प्रहरी शेवटची खांच मोकळी जाहली आणि फडकी चार मेणकटली.

सव्वा महिना भरावयाचा होता, तरी नवऱ्याची वाचा दरबारी पुन्हा बसेल हे जाणून गोजराबाई लेकीस छातीशी बांधून स्वतः गेली. दिवाणजींच्या भिवया वर चढल्या. महाराजांनी चिलीम नाकाशी नेली आणि विचारिले की हीस ओव्याचा वास कैसा? गोजराबाईने काही लपविले नाही, म्हणाली, "सरकार, मेण भरले यांनी, तेही आपण बरे व्हावे म्हणून. काढिले मी, लेकीच्या शेगडीवर." आणि महाराजांनी आंगठा ठेविला, आंगठा एका खांचेत उतरला, दुसरीत गेला, तिसरीच्या वळणावर रेंगाळला, आणि वृद्ध डोळ्यांतून पाणी आले. म्हणाले, "आमचीच."

मग हुकूम रद्द जाहला. दिवाणजी चिलीमदारास काही शिक्षा सुचवूं लागले, तेव्हां महाराज हसून बोलिले की याचे हातांस घासल्यावांचून चैन नाही हे खरे, तर आजपासून चिलमीस फडके लावूं नये, आणि रोज प्रातःकाळी लेकीस तेल लावावे, तोवर बाईने झोप घ्यावी, यांत कसूर जाहल्यास आम्हांस कळवावे. गोजराबाईने मुजरा केला, आणि घरी परततां वाटेतच तिला जांभई आली.

तात्पर्य, चिलीम मिळाली, घर राहिले, लेकीने बाळसे धरिले, आणि सरकारी आज्ञेने निजणारी बाई त्या राज्यी ही पहिलीच. जैसे घडले तैसे लिहिले; वाचणारांचे घरी ऊब असो.