रेतीच्या टाकीतली कवळी

मामांना शिंक आली आणि वरची कवळी सरळ रेतीच्या टाकीत पडली.

शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात शिरलं की आधी या टाकीत येतं. तळातून हवा सोडलेली असते. त्या घुसळणीत हलकी घाण तरंगत पुढे पंपांकडे जाते आणि जड रेती खाली बसते. कवळी जड की हलकी, हे मामांना चोवीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं.

"पुढे गेली तर पंप अडकणार," फिटर म्हणाला. "आणि अकराला तपासणीच्या मॅडम येतायत. पंप बंद दिसला ना, तर साहेब तुम्हाला आजच घरी बसवतील."

मामांच्या निवृत्तीला आठ महिने होते, आणि घरी बसायचं तर घरी कोणी नव्हतं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. कवळी तिनेच मागे लागून करून घेतली होती. शिंकताना तोंडावर हात धरा, असं ती रोज बजावायची.

"हवा कमी कर," मामा बोळक्या तोंडाने म्हणाले. "पाणी शांत झालं की बसेल खाली."

कवळी बसली की नाही, कळेना. घाण मात्र बसली. तासाभरात तळातली रेती वर आणणाऱ्या स्क्रूमधून काळा चिकट गाळ यायला लागला. वास असा की फिटरने नाकाला रुमाल बांधला. मामा घाबरून हवेचा कॉक पुन्हा उघडायला धावले, तोच फाटकात गाडी थांबली.

मामा ओठ घट्ट मिटून उभे राहिले.

"वास येतोय," मॅडम म्हणाल्या. "रेती धुतली जात नाही का नीट?"

साहेब लगबगीने पुढे आले. रेती एकदम स्वच्छ निघते, असं त्यांनी मागच्याच महिन्यात सहीनिशी लिहून दिलं होतं.

"छे हो मॅडम. आमची रेती तोंडात घातली तरी चालेल. काय मामा?"

मामांनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात स्क्रूच्या तोंडातून कवळी घरंगळली आणि खालच्या रेतीच्या ढिगावर येऊन बसली. काळीकुट्ट, पण दात सगळे शाबूत.

मॅडमनी कवळीकडे पाहिलं, मग मामांच्या आत गेलेल्या गालांकडे.

"तुमची?"

मामांची मान पुन्हा हलली.

"मग घाला की. साहेब म्हणतायत चालेल म्हणून."

"घाला, मामा," साहेब हळूच म्हणाले. "नोकरीचा प्रश्न आहे."

मामांनी कवळी उचलली. ही कवळी बायको रोज रात्री दोनदा धुऊन वाटीत ठेवायची. त्यांनी ती रुमालात गुंडाळून खिशात टाकली, ढिगातून चिमूटभर रेती घेतली आणि हात पुढे केला.

"आधी तुम्ही, साहेब."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि साहेबांच्या तोंडाकडे बघत थांबल्या.