हेमकांतच्या नावाची हाक

"ते काय गिटार-बिटार नही भो, ते कंप्युटर वाजाडस!"

पुरुषोत्तमनगरच्या लग्नात शेजारच्या खुर्चीवरचा पाहुणा असं म्हणाला आणि हेमकांतच्या मुठीत बुंदीचा लाडू चुरला गेला. मांडवाबाहेर वरातीची गाडी दणाणत होती. खानदेशात त्या वर्षी त्या गाण्याशिवाय एक वरात हलली नव्हती. त्यातली गिटार हेमकांतची. ढोल, सनई, बासरी सगळं त्यानंच जुळवून, घासूनपुसून गाणं उभं केलेलं. नाव मात्र अमृतचं, कारण गायला तो होता.

"मीच वाजाडी शे ती," हेमकांत म्हणाला.

"तुमी? तुमी कोन?"

"हेमकांत."

"कोन्हा हेमकांत?" असं विचारून पाहुणा उत्तराची वाट न पाहता मठ्ठा आणायला गेला.

आता सांगा, संताप येणार नाही तर काय येईल? हा काही लग्नापुरता तुणतुणं धरणारा माणूस नव्हता. सुरतेच्या स्टुडिओत गरब्याला गिटार हवी, हेमकांतला बोलवा. काठी गावच्या आदिवासी होळीतल्या ढोलाचा ठेका तारांवर हवा, हेमकांतला बोलवा. भजन, कव्वाली, कोंबड्यांच्या खाद्याची जाहिरात, काय म्हणाल ते. निवडणुकीत तर एकाच दिवशी, एकाच खोलीत, समोरासमोरच्या दोन्ही उमेदवारांची गाणी त्यानं केली होती आणि दोघांनाही वाटलं होतं की आपलंच भारी झालंय. पण गाणं ऐकून कुणी "वा, हेमकांत!" म्हणालंय? नाव नको!

ती खोलीही त्याची नव्हती. ती आबांची, म्हणजे वडिलांची, कापूस ठेवायची माडीवरची खोली. हेमकांतनं नवापूरच्या पोल्ट्रीतून अंड्यांचे रिकामे ट्रे आणून भिंतींना चिकटवले आणि तिला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. दोधूआबांनी ते बरीच वर्षं सोसलं. पण यंदा कापूस जोरात होता. लग्नाहून तणतणत आलेल्या मुलाला त्यांनी ओट्यावरच गाठलं.

"गाना वाजाडीसन नाव होस म्हनस ना तू? मंग ऐक. संक्रांतलगून गावमा लोकेस्ना तोंडमा तुन्हं नाव उनं, तं खोली तुन्ही. मन्हं आनि तुन्ही मायनं तोंड सोडीसन. नही उनं, तं मी कापूस भरसू."

एवढं बोलून आबा वेचणीसाठी मळ्यात राहायला गेले. हेमकांत खोलीत जाऊन बसला आणि त्या रागातच त्याला युक्ती सुचली. मोठमोठे संगीतकार गाण्याच्या सुरुवातीलाच आपलं नाव कुणाच्या तरी आवाजात पेरून ठेवतात. धंद्यात त्याला टॅग म्हणतात. आपणही पेरू! ऐकणारा कानात बोटं घालेपर्यंत नाव आत गेलेलं असेल.

आवाज बाईचा हवा होता. त्यानं बायकोला माइकसमोर उभं केलं.

"नुसतं हेमकांत म्हन."

ममतानं पदर तोंडाशी नेला. "मी नवरानं नाव लेऊ? तेबी मशीनमा? लगीनमा उखाना लिधा तोच शेवटला. मन्ही माय आठे येईसन माले झोडी!"

"अवं, एकच डाव!"

"एक डाव नही का अर्धा डाव नही. तुमनी मायले सांगा."

झालं, मायला बोलावलं. तापीबाईंच्या हाकेची ख्याती मोठी होती. तापीकाठच्या मळ्यात खेळणारा हेमकांत लहानपणी त्या हाकेसरशी जेवायला हजर व्हायचा, आणि शेजारच्या मळ्यातली पोरंही आपापल्या ताटावर जाऊन बसायची. माइक बघून माय आधी लाजली. मग समोर पोरगा नाहीच असं समजून तिनं अंगणात मारतात तशी हाक मारली, "हेऽऽऽमकांत!" भिंतीवरचा एक ट्रे गळून खाली पडला.

हेमकांत खूश. विसर पडू नये म्हणून त्यानं कंप्युटरमधल्या गाण्याच्या कोऱ्या साच्यातच ती हाक बसवून टाकली. नवं गाणं कुठलंही असो, पहिली ओळ संपून वाद्यं थांबली की तिथं माय तयार. आधी अमृतचं नवं वरातीचं गाणं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी अमृतचा फोन आला.

"भाऊ, मन्हा गानामा तुन्ही मायनी हाक कसाले? नवरदेव घोडावर बठेल ऱ्हास आनि मझारमा हेमकांत! लोके इचारतस, नवरदेवच बदली गया का काय!"

"नाव शे ते मन्हं! वाजाडस कोन? मी! गाना उभा करस कोन? मी!"

"तू कर ना भो, कोन नही म्हनस? पन हाक मी काढी टाकी."

काढून टाकली! परस्पर! हेमकांत फोनवर असा काही गरजला की अंगणातली म्हैस उठून उभी राहिली. त्याच वेळी पालिकेचं स्वच्छतेचं गाणं त्याच्यासमोर तयार पडलं होतं. घंटागाडीवर लावायला त्यांना ते घाईनं हवं होतं. एरवी गाणं पाठवण्याआधी तो डोळे मिटून एकदा पूर्ण ऐकायचा. त्या दिवशी एका हातानं अमृतला झापता झापता त्यानं दुसऱ्या हातानं गाणं पाठवून दिलं.

सकाळी घंटागाडी गल्लीत शिरली. "ओला वेगळा, सुका वेगळा, कचरा घरात साठवू नका," असं गोड आवाजात झालं, वाद्यं थांबली आणि भोंग्यातून माय कडाडली, "हेऽऽऽमकांत!"

तापीबाई पोळपाट सोडून दारात आल्या. "मी तं आठे शे. मंग तठे कोन वरडी ऱ्हायनं?"

हेमकांत चहाचा कप घेऊन गॅलरीत आला होता, तो तिथंच थिजला. गाणं पुन्हा फिरून आलं, हाक पुन्हा आली. दारं उघडली, बायका बादल्या घेऊन धावल्या. दोन-तीन दिवसांत गावाला वळणच पडलं. समोरच्या शोभाबाई सुनेला ओरडायच्या, "हेमकांत उना वं, बादली काढ!" सून म्हणायची, "हेमकांत तं गया ना कोपरावरथून." पलीकडे कुणी कुरकुरायचं, "आज हेमकांत भलता वास मारी ऱ्हायना." जिच्या-तिच्या तोंडी हेमकांत. गावात त्याचं नाव न घेणारी एकच बाई उरली, ती म्हणजे त्याची बायको. ती सासूला "गाडी उनी" एवढंच म्हणायची आणि तोंड फिरवून हसायची.

हेमकांत तडक पालिकेत गेला. "साहेब, ती हाक काढा. माझी इज्जत गेली!"

साहेबांनी त्याला चहा मागवला. "काढू? अहो, आधी गाडी कोकलत जायची, दार उघडत नव्हतं. आता आई हाक मारते म्हटल्यावर कोण घरात बसणार? या भागातल्या उकिरड्यावर कुत्रं फिरकत नाही हल्ली. बाईंचा आवाज म्हणजे काय हो! कोण आहेत त्या?"

"माझी आई. आणि गाणं मी केलंय."

"हो का?" साहेब म्हणाले. "बाईंना नमस्कार सांगा."

झाला का पुन्हा तोच न्याय! हेमकांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यानं हाक उपटून फेकली, त्या जागी गिटारची अशी काही लकेर भरली की सुरतवाल्यांनी कान धरावेत, आणि पेनड्राइव्ह थेट गाडीच्या ड्रायव्हरच्या, रामसिंगच्या हातात ठेवला.

"माले काय," रामसिंग म्हणाला, "जे देशात ते वाजाडसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. वर कापूस आणि कापसापुढे आबा.

"संक्रांत जवळ उनी. उनं का नाव कोन्हा तोंडमा?"

"उनं ना आबा!" हेमकांतच्या तोंडून निघून गेलं. "आखं गाव लेस! सकाय झायी का बाया मन्हं नावच..."

"मंग दखाड."

आता काय दाखवणार? त्याच क्षणी घंटागाडी कोपऱ्यावरून आत वळली. हेमकांतची लकेर स्वच्छ, सुंदर, अगदी काळजाला हात घालणारी वाजली. गल्लीत एक कडी सरकली नाही. गाडी दारावरून रमतगमत पुढे चालली. आबांनी खाली उतरून खोलीच्या कुलपाची किल्ली मागायला हात पुढे केला. ज्या नावापायी चार दिवस तोंड लपवलं तेच नाव आज एकदा, फक्त एकदा कुणी तरी घ्यावं म्हणून हेमकांतचा जीव कासावीस झाला. शोभाबाईंचं दार, तेही बंद!

तेवढ्यात बादली घेऊन बाहेर आलेल्या तापीबाईंना दिसलं की मध्ये ट्रॅक्टर आडवा आहे आणि गाडी निघाली. पोराला गाडी थांबवायला सांगावं म्हणून त्यांनी बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"हेऽऽऽमकांत!"

धाड, धाड, धाड! गल्लीतली सगळी दारं उघडली. बादल्या, टोपल्या, फुटकी घमेली बाहेर आली. शोभाबाई तर पिठाच्या हातानंच धावल्या. "अवं, हेमकांत आज मुकाट्यानं चालना व्हता वं! थांबाडा त्याले! ओ हेमकांत!" पोरं ओरडली, "हेमकांत! हेमकांत!" रामसिंगनं करकचून ब्रेक मारला.

आबा बघतच राहिले. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"कचरानी गाडी शे," ते म्हणाले.

"आबा, ते गिटार..." हेमकांतनं तोंड उघडलं आणि किल्ली आठवून मिटलं.

"पन बोली ती बोली. नाव तं आखा गावना तोंडमा शे." आबा ट्रॅक्टरवाल्याकडे वळले. "पलटाव रे. कापूस मळामाच ठेवू."

खोली वाचली. हेमकांत वर जाऊन बसला. गपगुमान त्यानं लकेरीवरच हाक पुन्हा बसवली आणि पेनड्राइव्ह रामसिंगकडे पोचवला. दुपारी पालिकेतून फोन आला. गाणं झकास आहे, पालिका तापीबाईंचा शाल-नारळ देऊन सत्कार करणार आहे, फक्त एक करा, म्हणाले, ते मागं काही तरी टिंगटिंग वाजतं ना, ते जरा कमी करा, बाईंची हाक नीट ऐकू येत नाही.

टिंगटिंग! हेमकांतनं रागानं अंड्यांच्या ट्रेवर बुक्की मारली. मग ट्रे सरळ केला आणि गिटारचा आवाज खाली ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वरच्या खोलीत तारा जुळवत बसला होता. तापीबाई सत्काराला नेसायचं लुगडं काढायला गेल्या होत्या, त्यामुळे बादली ममताकडे होती. लांबून हाक आली. अंगणात ममताची धांदल उडाली आणि लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच तिनं ते नाव घेतलं, चांगलं खणखणीत.

"अहो, हेमकांत उना! बादली जड शे, तुमी खाले या बरं!"