काका दिसेनासे होतात

एका रविवारी सकाळी काकांनी ठरवलं, की आजपासून आपण कुणालाही दिसायचं नाही.

गैरसमज नको. काका घर सोडून निघाले नव्हते, की कुणावर रुसलेही नव्हते. त्यांना फक्त रस्त्यावरचे फोटो काढायचे होते. रस्त्याचे नव्हेत हं. रस्त्यावर जे चाललेलं असतं त्याचे. मुलीनं नवा कॅमेरा घेतला आणि जुना घरी टाकून ती आपल्या नोकरीच्या गावी निघून गेली. काकांनी तो एकदा नुसता पुसायला म्हणून हातात घेतला, आणि मग तो परत कपाटात गेलाच नाही.

काका (सगळी इमारत त्यांना काकाच म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा) वाहन परवान्याच्या कचेरीत खिडकी सांभाळायचे. अर्जावर चिकटवलेला फोटो आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे ना, हे बघायचं आणि शिक्का मारायचा. हे काम करण्यात निम्मं आयुष्य गेल्यामुळे, माणूस ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. नुकतीच मिशी काढलेल्या स्वतःच्या साहेबालाही त्यांनी एकदा 'फोटो जुळत नाही' म्हणून खिडकीवरून परत पाठवलं होतं. (फोटो जुळत नव्हताच, असं ते अजून म्हणतात.)

पण दिवसभर ते फोटो बघून काका मनातून कंटाळले होते. सगळी माणसं उचकी दाबून बसल्यासारखी. कुणी बघत नसताना ही माणसं दिसतात तरी कशी, हे त्यांना एकदा बघायचं होतं.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी फोटो मंडळ भरायचं. ते चालवणारे सर पूर्वी वर्तमानपत्रात फोटोग्राफर होते. त्यांनी काकांचा कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "कॅमेरा कसाही चालेल. बूट मऊ हवेत. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही दिसता कामा नये. तुम्ही दिसलात की माणूस जगायचं थांबतो आणि फोटोसाठी उभा राहतो."

काकांना हे अगदी पटलं. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं.

"अहो, पण काढून करायचं काय त्या फोटोंचं?" काकूंनी विचारलं.

"जगणं पकडायचं."

"आधी ते झुरळ पकडा. सिंकखाली गेलंय."

तर अशा त्या रविवारी राखाडी शर्ट, राखाडी पँट, डोळ्यांवर ओढलेली टोपी आणि कॅमेऱ्यावरच्या चकचकीत अक्षरांवर काळी चिकटपट्टी, असे काका अदृश्य होऊन जिन्यावरून खाली उतरले. तळमजल्यावर टेलरमास्तर दुकान उघडत होते.

"काय काका, कुणाच्या मागावर?" त्यांनी एवढ्या मोठ्यांदा विचारलं, की समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

पण काका हिंमत हरले नाहीत. सरांनी सांगितलं होतं, चांगली भिंत शोधा, ऊन बघा आणि थांबा. माणूस आपणहून येतो. काकांनी एक पिवळी भिंत शोधली, तिच्यावर तिरपं ऊन पडलं होतं. ते थांबले. थोड्या वेळानं खरंच एक माणूस आपणहून आला आणि काकांच्या मागे उभा राहिला. त्याच्यामागे एक बाई आल्या.

"कसली रांग आहे?"

"कल्पना नाही. पण हे केव्हाचे उभे आहेत, म्हणजे काहीतरी मिळत असणार."

काका निघाले तेव्हा रांग कोपऱ्यापलीकडे वळली होती. "जाऊन या, नंबर धरून ठेवतो," असं मागच्या गृहस्थांनी आपुलकीनं सांगितलं. काकांना नाही म्हणवेना. ते "आलोच" म्हणाले आणि दुसऱ्या गल्लीनं घरी आले. (त्यानंतर बरेच दिवस ते त्या भिंतीच्या बाजूला फिरकले नाहीत.)

मग त्यांनी कॅमेरा पोटाशी धरून, न बघता बटण दाबायची युक्ती केली. त्यात लोकांना काही कळत नाही, पण काकांनाही काही कळत नाही. फोटोंत शर्टाची बटणं यायची, चपला यायच्या, स्कूटरची चाकं यायची. कुत्री तेवढी डोक्यासकट यायची.

हे सगळं संध्याकाळी संगणकावर बघायला काकू शेजारी बसायच्या, आणि काकांचं खरं दुखणं इथंच होतं. काकू फोटो बघायच्याच नाहीत. त्या माणसं ओळखायच्या.

"हे टेलरमास्तर."

"अगं, नुसते पाय आहेत."

"उजव्या चपलेचा अंगठा बघा ना, दोनदा शिवलाय. आणि थांबा, थांबा! त्या स्कूटरच्या सीटला आपल्या पडद्याचं कापड! मला म्हणाले होते, कापड कमी पडलं."

"तू प्रकाश बघ. तो कसा तिरपा..."

"प्रकाशाचं राहू दे, उद्या जाऊन कापड आणते."

आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी ते आणलंसुद्धा. टेलरमास्तर आठवडाभर काकांशी बोलले नाहीत. पुढे पुढे शेजारपाजारच्या बायकाही "आमचे हे दिसतात का कुठं?" म्हणून फोटो बघायला यायला लागल्या. फोटोंना एवढे प्रेक्षक याआधी मिळाले नव्हते. पण काकांचा जीव एकाच गोष्टीसाठी तळमळत होता. काकूंनी एकदा, फक्त एकदा, फोटोतलं माणूस कोण आहे ते न विचारता म्हणावं, "छान आलाय."

आणि एका सकाळी तो फोटो मिळाला.

दोन इमारतींच्या फटीतून ऊन सरळ रस्त्यावर उतरलं होतं. काका टपालपेटीमागे ओणवे बसले होते. डोळ्याला कॅमेरा लावायचा तर चष्मा मध्ये येतो, म्हणून तो कपाळावर चढवला होता. त्यामुळे काकांना समोर फक्त ऊन आणि हलणारे डाग दिसत होते. त्यातला एक डाग छत्रीखालून भराभरा चालत पुढे गेला. काकांनी बटण दाबलं.

घरी येऊन बघतात तो काय! उन्हात निघालेली एक पाठमोरी बाई. डोक्यावर छत्री, हातात जड पिशवी, पिशवीच्या ओझ्यानं एक खांदा खाली गेलेला, आणि मागे पडलेली लांबच लांब सावली. काकांनी त्यातले रंग काढून टाकले, कारण सर म्हणायचे, रंगांमुळे माणूस दिसत नाही. मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत त्यांनी तो फोटो 'अनोळखी' अशा नावानं पाठवला. काकूंना दाखवला नाही. एकदम प्रदर्शनातच दाखवायचा होता.

पहिलं बक्षीस लागलं. काकांनी सरांचा फोन ठेवला आणि काही कारण नसताना चहाचे सगळे कप धुऊन टाकले.

बक्षीस समारंभाला अख्खी इमारत लोटली. मुलगी खास रजा काढून आली. टेलरमास्तरही राग विसरून आले. पहिल्या रांगेत काकू, मांडीवर पर्स घेऊन. स्टेजवर मोठा करून लावलेला काकांचा फोटो, त्यावर पडदा. परीक्षक म्हणून एक चित्रकार बाई आल्या होत्या. पडदा सरकला आणि इमारतीच्या रांगांमधून "अगंबाई!" असा आवाज आला. काकांना वाटलं, कौतुकानं.

"या पाठीकडे बघा," परीक्षकबाई म्हणाल्या. "ही बाई नुसती चाललेली नाही, ती कशापासून तरी दूर चालली आहे. मागे असं काहीतरी आहे, की तिला वळून बघायचंसुद्धा नाही. आणि ते काय आहे, हे फोटोग्राफरनं दाखवलेलं नाही. यात त्याचा संयम दिसतो."

टाळ्या पडल्या. काका बोलायला उभे राहिले. त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं.

"ही बाई कोण, कुठली, मला ठाऊक नाही," काका म्हणाले. "पण नुसत्या पाठीवरून मला तिचं सगळं आयुष्य कळलं. बिचारी एकटी असावी. घरात हातभार लावायला कुणी नसावं. नवरा असलाच, तर अगदीच निष्काळजी असावा."

टेलरमास्तरांना खोकल्याची उबळ आली. मुलीनं रुमाल तोंडाला लावला.

"ही छत्री बघा. एक काडी मोडून लोंबतेय. ती दुरुस्त करून आणावी, एवढंही त्याला सुचलेलं नाही."

"तिनं सांगितलं असेल हो," पहिल्या रांगेतून काकू गोड आवाजात म्हणाल्या. "तो विसरला असेल."

"शक्य आहे," काकांनी उदार मनानं मान्य केलं. "असतात काही नवरे असे."

आता मागच्या रांगा गदगदा हलत होत्या. काकांना वाटलं, लोकांना रडू येतंय. तेवढ्यात टेलरमास्तर कसेबसे उभे राहिले. "काका, एक विचारतो. फोटो काढून झाल्यावर तुम्ही तिच्या हातातली पिशवी घेतलीत का?"

"नाही. फोटोग्राफरनं दृश्यात हात घालायचा नसतो."

मग मात्र हॉल हसून हसून कोसळलाच. मुलगी डोळे पुसत स्टेजजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ती आई आहे."

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि फोटोजवळ गेले. तो उतरलेला खांदा. छत्री दांड्याच्या अगदी वरच्या टोकाला धरायची ती सवय. आणि ती काडी, जी दुरुस्त करून आणायचं त्यांनी खरंच कबूल केलं होतं. काकांना दरदरून घाम फुटला. खिडकीवर इतकी माणसं ओळखली, पण खिडकीवर कुणी पाठ करून उभं राहत नाही. आणि घरातलं माणूस पाठमोरं होऊन ओटा पुसत असतं, तेव्हा तिकडे कोण बघतं?

काकू उठल्या. त्या स्टेजवर चढून फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. काकांनी मनाची तयारी केली. बक्षीस परत करावं लागलं तरी हरकत नाही, पण हिनं चारचौघांत काही बोलू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

"छान आलाय," काकू म्हणाल्या. "खरंच छान आलाय हो."

काकांना भरून आलं. पुढे कोण काय बोललं, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

परत येताना काकांनी ढाल, फुलं, मुलीची बॅग आणि काकूंची पर्ससुद्धा स्वतःच उचलली. काकूंनी नको म्हटलं नाही. मुलगी पुढे चालत होती. काकांचा जीव आता चांगलाच हलका झाला होता, आणि जीव हलका झाला की ते जरा जास्त बोलतात.

"माझं चुकलंच," ते म्हणाले. "पण एक गोष्ट तूही मान्य कर. तू माझ्या इतक्या जवळून गेलीस आणि तुलाही पत्ता लागला नाही! सर सांगतात ना, दिसेनासं व्हा, ते शेवटी मला जमलं."

काकू थांबल्या.

"न दिसायला काय झालं? टपालपेटीमागे चष्मा कपाळावर घेऊन, एक डोळा मिटून बसला होतात. सगळा रस्ता बघत होता. पाववाल्यानं मला विचारलं, 'ते तुमचेच ना?' म्हटलं, 'छे हो, मी नाही ओळखत.' छत्री उघडली आणि जी सुटले, ती कोपरा वळेपर्यंत मागे बघितलं नाही." त्यांनी कौतुकानं मान हलवली. "त्या परीक्षकबाईंना मात्र मानलं हं मी. नुसत्या पाठीवरून बरोबर ओळखलं त्यांनी."