एक्कावन्न सेकंदांचा अर्ज

माणूस थांबला की शहर थांबते आणि शहर थांबले की समिती बसते, हा नागरी जीवनाचा पायाच आहे. या शहरातल्या एकशे बारा चौकांचे सिग्नल आजवर आपापल्या मर्जीने लागत आणि विझत. एका चौकात हिरवा मिळवून सुटलेला माणूस पुढच्या चौकात हटकून लालमध्ये अडके. हा स्वैराचार मोडून सगळे दिवे एकाच खोलीतून चालवायचे ठरले आणि आराखडा करायचे काम वाहतूक खात्यातल्या उपअभियंत्याच्या गळ्यात पडले. (खोली आधीच तयार होती. तिच्यात सोळा फिरत्या खुर्च्याही येऊन पडल्या होत्या. आता फक्त योजना तेवढी बाकी होती.)

उपअभियंता सरळ माणूस. या कामात त्याचा एकच स्वार्थ होता, तो म्हणजे आई. घरासमोरचा रुंद एकेरी रस्ता ओलांडला की मावशीचे घर. सकाळी दहाला आईने तिकडे जायचे, दोघींनी चहा घ्यायचा आणि तासभर उरलेल्या नातेवाइकांचा समाचार घ्यायचा, हा बावीस वर्षांचा नेम. पण गुडघे धरल्यापासून आईला रस्ता ओलांडायला एक्कावन्न सेकंद लागत. त्याने घड्याळ लावून दोनदा मोजले होते. सिग्नल देई चौदा. गेल्या महिन्यात ती मधोमध असतानाच गाड्या सुटल्या, आणि तेव्हापासून तिने जाणेच सोडले. आता दोघी बहिणी आपापल्या फुटपाथवरून एकमेकींना हात करत आणि घरी परतत.

"हे चौदा कुणी ठरवले रे? त्याला आई नव्हती का?" तिने एकदा विचारले. चौदाच्या कागदावर आपलीच सही आहे, हे सांगायचा त्याला धीर झाला नाही.

योजना शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून आधी वाहनांची मोजणी झाली. ती रविवारी सकाळी सहाला उरकण्यात आली, कारण एरवी मोजणी पथकाची गाडी रहदारीतून चौकापर्यंत पोचत नसे. निष्कर्ष समाधानकारक होते : दर चौकात मिनिटाला सरासरी चार वाहने आणि एक कुत्रा. मग जनतेचे मत मागवले. छापील अर्जात एकच प्रश्न होता, आपणास कोणत्या चौकात किती सेकंद हिरवा हवा? अर्ज कुणालाही सहज मिळावेत म्हणून ते सर्व पेट्रोल पंपांवर ठेवले होते. (पायी चालणाऱ्यांनीही ते इथूनच न्यावेत, अशी पाटी होती. गाडीच्या काचेतून ती स्पष्ट वाचता येई.)

प्रतिसाद अपूर्व मिळाला. नव्वद हजार अर्ज आले. हिरवा वाढवून मागणारे नव्वद हजार उणे एक. त्या एकाने आपल्या बाजूला लाल चालेल असे लिहिले होते, पण दुपारी फोन करून चूक सुधारून घेतली. पायी चालणाऱ्यांचे अर्ज, शून्य. मोठ्या साहेबांनी अहवालावर शेरा मारला, 'पादचारी समाधानी दिसतात. त्यांना तीन सेकंद पुरेत, उरलेले अकरा गरजूंकडे वळवावेत.'

उपअभियंत्याचे धाबे दणाणले. त्याने आईच्या नावाने अर्ज भरला. मागणी एक्कावन्न सेकंद, कारण गुडघे. संगणकाने तो परत केला, कारण 'वाहन क्रमांक' हा रकाना रिकामा होता. तो साहेबांकडे गेला. साहेब माणूस म्हणून चांगले. "अहो, रकाना मोकळा कशाला ठेवता? काहीतरी भरा. यंत्राला काय कळतंय?" त्याने आपल्याच गाडीचा क्रमांक भरला. अर्ज त्याच मिनिटाला मंजूर झाला. तुझे सेकंद मिळाले, असे त्याने घरी जाऊन सांगितले, आणि आईने रात्रीच काठी पुसून ठेवली.

सोमवारी दहाला योजना सुरू झाली. ऑफिसला निघालेला उपअभियंता चौकाशी आला आणि यंत्राने त्याचा क्रमांक ओळखून दिवा हिरवा केला, पूर्ण एक्कावन्न सेकंदांचा. आई फुटपाथच्या कडेला उभी होती. तिच्यासमोर लाल होता. ती दिव्याकडे बघत नव्हती, मुलाकडे बघत होती.

त्याने गाडी रस्त्यात आडवी घातली, किल्ली काढून खिशात टाकली आणि आईला हात केला, चल. ती निघाली. एक्कावन्नाव्या सेकंदाला मावशीने तिचा हात धरला.

सोळाही खुर्च्यांनी हा प्रकार पडद्यावर पाहिला. नोंद अशी : गाडी आडवी घालणारा कर्मचारी एक, खोळंबलेली वाहने त्रेचाळीस, हॉर्न दोनशे बारा. पैकी मागून तिसऱ्या गाडीचा हॉर्न नवव्या सेकंदापासून शेवटपर्यंत अखंड वाजला. इतका मनस्ताप झालेल्या नागरिकाची खात्याने लेखी माफी मागावी, असा साहेबांचा आदेश झाला. पत्ता शोधावा लागला नाही, पेट्रोल पंपावर भरलेल्या अर्जात तो होताच. पत्र आपल्या नावे निघाले आहे. मिळाले की खाली सही करून पोच पाठवावी, आणि त्या दिवशी आपण कुठे पोचायच्या घाईत होतात, तेही आठवल्यास लिहावे.