बाहुल्यांचं सोनं काळं पडलं!

"रुखवत असं मांडीन की पाथरीचे वऱ्हाडी जेवायचं विसरतील!" असं महारुद्र गुरुजींनी लेकीची सुपारी फुटली त्याच दिवशी जाहीर करून टाकलं. गुरुजी झरीच्या शाळेत सव्वीस वर्षं चित्रकला शिकवत होते, म्हणजे वेळापत्रकात शिकवत होते. प्रत्यक्षात त्यांचा तास गणितवाले घ्यायचे आणि गुरुजी मतदारयाद्या घेऊन गावभर फिरायचे. सव्वीस वर्षांत त्यांच्या कलेबद्दल कुणी एक साधा प्रश्न विचारला नव्हता! आता दमलेल्या या माणसाची एकच इच्छा उरली होती. निकिताच्या रुखवताला सासरच्या एकाही बाईनं नाव ठेवू नये, आणि पोरगी त्या घरात ताठ मानेनं शिरावी.

म्हणून त्यांनी शाडूच्या मातीची, अंगठ्याएवढ्या एकवीस बाहुल्यांची वरात केली. नवरा-नवरी, भटजी, बँडवाले, घागरी घेतलेल्या करवल्या. अडलं ते दागिन्यांवर. नुसता सोनेरी रंग फासला की दागिना दिसत नाही, हळद सांडल्यासारखं दिसतं. गुरुजींनी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डोळे लाल केले आणि विद्या हस्तगत केली. आधी सोनेरी रंग. तो वाळला की पातळ तपकिरी, म्हणजे तो खाचाखोचांत उतरून सावली धरतो. मग उंचवट्यांवर परत सोनेरी. आणि शेवटी, जिथं उजेड पडतो त्या कडेवर, सोनेरीत चांदीचा रंग मिसळून केसाएवढी रेघ! तीन आठवडे हे चाललं, आणि गुरुजींची मान एका बाजूला वाकली ती वाकलीच.

त्यांच्या बायकोनं, दैवशालाबाईंनी, एकदा डोकावून पाहिलं.

"अवं, चांगलं पिवळंधमक झालं व्हतं! त्याला काळं कामून फासायलाव?"

"काळं न्हाई, सावली हाय ती! सावली असली की सोनं खरं वाटतंय."

"लोकं सोनं बगतेत. सावली कोण बगतंय?"

गुरुजींनी पुन्हा कुंचला उचलला. त्यांना जांभई आली होती.

लग्न परभणीच्या कार्यालयात लागलं. अक्षता पडल्या आणि बाया रुखवताच्या टेबलाकडे वळल्या. सगळ्यांत पुढे कमलबाई, नवरदेव रविकांतची आत्या. पाथरीत त्यांनी नजर घातल्याशिवाय एकही रुखवत पास होत नसे! त्यांनी चष्मा लावला आणि बाहुल्यांतली नवरी उचलून नाकाशी धरली.

"अगं बया! हिचा तर हार काळा पडलाय! बाहुलीच्या अंगावरचं चार दिस टिकंना, मंग पोरीच्या अंगावरचं कसलं असंल?"

कमलबाई थट्टेनंच बोलल्या होत्या, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण थट्टा पंगतीत शिरली! पुरी वाढेपर्यंत बाहुलीचं सोनं काळं पडलं होतं. वरण येईपर्यंत नवरीचं पडलं. आणि बुंदी आली तेव्हा दूरच्या पंगतीत लोक एकमेकांना सांगत होते, की दागिने खोटे निघाले आणि वरात रिकामीच परत चालली आहे!

नवरदेवाचे वडील दिनकरराव सज्जन माणूस. त्यांनी गुरुजींना खांबाआड घेतलं आणि हळूच विचारलं, "गुरुजी, सोनं काळं पडलं म्हणून कायतरी ऐकायलोय मी."

गुरुजींचा ऊर भरून आला. सव्वीस वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं!

"पडलं न्हाई, इवाई. मी मुद्दाम पाडलंय!"

"मुद्दाम?"

"त्याच्याबिगर खरं वाटतच न्हाई. वरून थोडी चांदी मिसळली."

"चांदी मिसळली?"

"बगणाऱ्याला पत्ता बी लागत न्हाई! समद्यायला वाटतंय, अस्सल हाय!"

दिनकररावांनी तोंडाकडे नेलेला विडा खाली ठेवला. "हे कुठं शिकलाव तुमी?"

"मोबाइलवर!" गुरुजी अभिमानानं म्हणाले. "तीन आठवडे मान मोडलीय."

पुढचं सगळं फार पटापट झालं. वऱ्हाडात पाथरीचे एक सराफ होते, आणि लग्नाला आले तरी त्यांचा कसोटीचा दगड पिशवीतच! "खातरजमा झालेली बरी," म्हणून दिनकररावांनी त्यांना पुढे केलं. शालू नेसलेल्या निकितानं सगळ्यांसमोर गळ्यातला हार काढून दिला, आणि तेव्हा कुठं गुरुजींच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अवं, मी बाहुल्यांचं सांगायलो व्हतो! बाहुल्यांचं!"

आता कोण ऐकतो! सराफांनी हार दगडावर घासला, तेजाबाचा थेंब सोडला, डोळे बारीक केले.

"अस्सल हाय," ते म्हणाले आणि बुंदी खायला परत गेले.

दिनकररावांनी हात जोडले. रविकांतनं हार निकिताच्या हातात परत दिला आणि "चुकलं आमचं" असं स्पष्ट म्हणाला. पण निकिताच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पप्पा, आजच्या दिवस तरी कलेचं बोलू नका म्हणलं व्हतं ना!"

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिची मान ताठ राहावी म्हणून स्वतःची मान वाकडी करून घेतली, तिलाच भर मांडवात गळा मोकळा करावा लागला. पाठवणीनंतर ते रिकाम्या खुर्च्यांत बसून राहिले. दैवशालाबाई शेजारी येऊन बसल्या.

आठ दिवसांनी निकिताचा व्हिडिओ कॉल आला. गुरुजींनी घाबरतच उचलला. पडद्यावर कमलबाईंचा चेहरा!

"गुरुजी, त्या दिवशी मपल्या तोंडानं घोटाळा केला. जिवाला लय लागलं बगा. म्हणून मी अन् निकितानं मिळून ह्ये केलं."

फोन शोकेसकडे वळला. देवळाच्या कळसाला आणून उरलेला सोनेरी रंग कमलबाईंनी एकवीसच्या एकवीस बाहुल्यांना मनापासून दिला होता. दागिन्यांना तर होताच, पण तोंडांना, लुगड्यांना, भटजींच्या धोतराला आणि ढोलालासुद्धा! सावली औषधालाही उरली नव्हती.

गुरुजी फोन डोळ्यांजवळ नेऊन सावली शोधू लागले. तेवढ्यात निकिता चौकटीत आली. कोपरापर्यंत सोनेरी, कमलबाईंच्या खांद्यावर रेललेली, आणि हसून हसून दम लागलेली.

"कसं झालं, पप्पा?"

"लय सुंदर," गुरुजी म्हणाले. इतकं खोटं इतक्या समाधानानं ते जन्मात बोलले नव्हते.

कमलबाई खुलल्या. "दिवाळीनंतर मपल्या लेकीचं, बबिताचं लगीन हाय. तिच्या रुखवताच्या बाहुल्या बी तुमीच करायच्या बरं का!"

गुरुजींची वाकडी मान आपोआप सरळ झाली. "करतो की! आनंदानं करतो!"

"फकस्त रंगाला हात लावू नका," कमलबाई म्हणाल्या. "त्ये मी बगते."