तुलना गटातली लाल खुर्ची

मूल बोलत नसेल तर ते का बोलत नाही हे आधी किमान दोन विद्यापीठांना कळलं पाहिजे. मूल बोलायला लागणं ही नंतरची गोष्ट. हे तत्त्व मला फार उशिरा समजलं. तोवर मी अडाण्यासारखी (शिक्षण : पदव्युत्तर) आमच्या कन्येला दर आठवड्याला पुनर्वसन केंद्रात नेत होते आणि तिथल्या वाचा-उपचारांच्या ताई, म्हणजे आमच्या वाचाताई, तिच्यासमोर जमिनीवर फतकल मारून साबणाचे फुगे उडवत होत्या. गृहीतक नाही, आलेख नाही, नुसते फुगे. अशानं ज्ञानात भर पडणार तरी कशी?

कन्या चार वर्षांची. ऐकू उत्तम येतं (चॉकलेटचा कागद, दोन खोल्यांपलीकडून). कळतं सगळं. फक्त बोलत नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका फार मायेनं म्हणाल्या होत्या, "अहो, आमची काहीच हरकत नाही. पण प्रवेशाच्या वेळी निदान एखादा शब्द तरी बोलू दे. बाकीचे पालक विचारतात हो!" बाकीच्या पालकांचं बरोबरच आहे. न बोलणं संसर्गजन्य असतं. माझ्या नवऱ्यालाही ते लग्नानंतरच झालं.

तर मला एक शब्द हवा होता. कुठलाही चालला असता. अशा वेळी केंद्राचा एका थोर विद्यापीठाशी आणि त्याहून थोर अशा दुसऱ्या विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला. कोणी काय करायचं एवढं सोडून अशा करारात सगळं असतं. सह्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत सर्व मान्यवर हसताहेत आणि मधोमध कन्या गुच्छातलं फूल चघळते आहे. अहवालात याची नोंद 'लाभार्थींचा उत्स्फूर्त सहभाग' अशी आहे.

मग चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडले. उपचार गटाला उपचार द्यायचे. तुलना गटाला काहीही द्यायचं नाही, आणि तेही अत्यंत काळजीपूर्वक. कन्येनं स्वतःच्या हातानं तुलना गटाची चिठ्ठी उचलली.

"म्हणजे तिला काहीच मिळणार नाही?" मी प्रकल्पाच्या मोठ्या सरांना विचारलं.

"असं कसं, मॅडम! न मिळणं हेच तर तिचं योगदान आहे."

"पण शाळेचा प्रवेश..."

"अभ्यास संपला की तिलाही देऊ ना. शास्त्र आहे हे. घाई करून कसं चालेल?"

उपचार गटाची मी मनापासून असूया केली. त्यांच्या खोलीला आरशाची भिंत बसवली आणि भिंतीमागे थोर विद्यापीठाचे निरीक्षक. त्याहून थोर विद्यापीठाचा या निरीक्षकांवर विश्वास नसल्यामुळे त्यांच्यामागे आणखी एक भिंत आणि तिच्यामागे निरीक्षकांचे निरीक्षक. वाचाताईंचे फुगे लहानमोठे निघतात हे लक्षात येताच प्रमाणित फुगा उपसमिती नेमली गेली. पूर्वी जी मुलं "दे, दे" तरी म्हणायची, ती आता चिडीचूप. यात त्यांचा दोष नाही. एवढी माणसं टक लावून बघत असली की कोणाचीही दातखीळ बसते. नोकरीच्या मुलाखतीत माझीही बसली होती. (निकाल : तुलना गट.)

तुलना गटानंही दर आठवड्याला यायचं होतं, कारण प्रवासाचा शीण दोन्ही गटांत सारखा वाटला गेला पाहिजे. आमची सोय व्हरांड्यात. तिथं चपलांची मांडणी, पाण्याचं यंत्र आणि लहान मुलांची एकुलती एक लाल खुर्ची. त्या खुर्चीवरून दर वेळी जे महाभारत घडे त्याला दृष्ट लागू नये म्हणून की काय, तिथं एकही निरीक्षक नव्हता. आम्ही आया गप्पा मारायचो. पोरं एकमेकांना ढकलायची, चिमटायची, खुर्चीचा पाय धरून लोळायची.

एके दिवशी मोठे सर दमूनभागून आले आणि त्या खुर्चीवर टेकले. गुडघे कानाशी गेले. कन्येनं त्यांची बाही ओढली. ते हलले नाहीत. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "सरक."

माझ्या हातातली पाण्याची बाटली पडली. आमच्यातली एक जुळ्यांची आई किंचाळली, "बोलली! अगं बाई, बोलली ती! आणि बोलली ते कोणाला!" आतून वाचाताई प्रमाणित फुगा अर्धवट टाकून धावत आल्या आणि कन्येला कडेवर घेऊन नाचल्या. मी रडत होते, हसत होते, खाली सांडलेलं पाणी ओढणीनं पुसत होते.

शांत होते फक्त सर. "तुलना गटात प्रगती अपेक्षित नाही," ते म्हणाले. "मॅडम, अभ्यास संपेपर्यंत तिला शक्यतो बोलू देऊ नका."

"सरक," वाचाताईंच्या कडेवरून कन्या म्हणाली.

सर सरकले. (यशाचं प्रमाण : शंभर टक्के.)

पण विद्यापीठं अशी वाया जात नाहीत. पुढच्याच आठवड्यात 'व्हरांडाधारित हस्तक्षेप' जाहीर झाला. लाल खुर्ची काचेच्या कपाटात गेली (सहा महिने थोर विद्यापीठाकडे, सहा महिने त्याहून थोर). तिच्या जागी प्रत्येक मुलाला एक अशा नव्या, गोजिरवाण्या खुर्च्या आल्या. समोर आरशाची भिंत आली. आता कोणाला काही मागावंच लागेना. मुलं ओळीनं बसली आणि गप्प झाली. अहवाल म्हणतो, 'शिस्तीत लक्षणीय वाढ.'

कन्याही गप्प. आरशात स्वतःकडे बघत बसे. प्रवेश आठवड्यावर आला आणि मला शंका येऊ लागली, तो शब्द मी खरंच ऐकला होता ना?

शेवटी मीही संशोधनात उतरले. मुलं हात धुवायला गेली तेव्हा आयांना म्हटलं, "बसा गं." आम्ही सगळ्या त्या चिमुकल्या खुर्च्यांवर बसलो. शेवटच्या खुर्चीत वाचाताई कोंबल्या गेल्या. पोरं परत आली. जागा नाही. आणि व्हरांडा उसळला! "ऊठ!" "माझी!" "ए आई, नाय ना!" आणि त्या सगळ्या गदारोळावर, खणखणीत, "सरक!"

उठायची आमची तयारी होती, पण खुर्च्याही आमच्यासोबत उठत होत्या. वाचाताईंनी खिशातून बिनप्रमाणित फुग्यांची बाटली काढली आणि खुर्चीसकट उभ्या राहून फुगे उडवायला सुरुवात केली. भिंतीमागून नोंद झाली : 'पालकांचं वर्तन चिंताजनक.'

कन्येला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिका खुर्चीत रेलून म्हणाल्या, "काय म्हणतं आमचं बाळ?"

बाळानं खुर्चीकडे पाहिलं आणि जे म्हणायचं ते म्हटलं.

"अगोबाई, किती स्पष्ट!" त्या सरकत म्हणाल्या. "आता प्रश्न फक्त बसवायचं कुठे एवढाच. तिसऱ्या रांगेत एका बाकावर एकच मूल आहे, शेजारी त्याचं दप्तर असतं. पण त्याच्या पालकांना विचारावं लागेल हो."

म्हणून हे लिहिलं. तुम्ही इथवर हसत आलात, मोठ्या सरांना मनोमन नावं ठेवलीत, व्हरांड्यात आमच्या बाजूनं होतात. आभारी आहे. ते दप्तर तुमच्या मुलाचं आहे.

कन्या वर्गाच्या दारात उभी आहे. काय म्हणायचं, ते तिला आता येतं.