गावंड्यांच्या फाटकावर कडुलिंब

कृष्णकांत गावंड्यांना हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टरांनी एक पिशवीभर औषधं दिली आणि एक धमकी दिली. तीन महिने बाहेरचं माणूस घरात येता कामा नये. नवी किडनी अंगाला मानवावी म्हणून अंगाची लढायची ताकदच औषधांनी मारून ठेवली होती. आता कुणाचा साधा खोकलाही त्यांना पुरला असता. किडनी पुन्हा मिळण्याची सोय नव्हती. ती कामिनीची, म्हणजे बायकोची होती, आणि बायकोकडे आता एकच उरली होती.

कामिनीनं मनीषनगरातल्या घराच्या फाटकावर पाटी लावली : 'कृपया भेटायला येऊ नये.' आपल्याकडे अशी पाटी इतरांसाठी असते. ती नीट वाचून पहिल्याच दिवशी चार जण आत आले.

"आम्ही काय बाहेरचे आहो का?" प्रत्येकानं विचारलं.

सदर भागातल्या त्यांच्या ऑफिसातले नत्थूजी आले, बोलता यावं म्हणून मास्क हनुवटीवर ओढला आणि पलंगाशेजारी बसून मनसोक्त खोकले. "धुळीचा आहे, याचं काही नाही," असंही म्हणाले. गावाहून रुपरावमामा गाडी करून सात जणांना घेऊन आले. त्यातल्या एकीला दोन दिवसांपासून ताप होता. "तिले नको म्हटलं, पण ऐकतच नाही. लय जीव आहे तिचा कृष्णावर," मामा कौतुकानं म्हणाले.

सगळे कृष्णकांतला विचारत, "कशी आहे गा तब्येत?" मग कामिनीकडे वळून म्हणत, "माझ्या चहात साखर कमी टाक वं."

कामिनीच्याही कुशीत टाके होते. ती एका हातानं कूस दाबून दुसऱ्या हातानं चहा गाळायची.

"तुम्हीच अंदरून 'या, या' करून राहिले, तं मी बाहेरून काय अडवू?" ती एकदा नवऱ्याला म्हणाली.

"मेलो असतो तं आलेच असते ना सगळे! जिवंत आहो तं काहून अडवते?"

चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला. पाच दिवस पुन्हा हॉस्पिटल. घरी सोडताना डॉक्टर कामिनीला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी किडनी वाचली. पुढच्या वेळचं मी सांगू शकत नाही." तिला फार भीती वाटत होती. घरी आल्यावर तिनं पाटी काढून टाकली, कोपऱ्यावरच्या झाडाची कडुलिंबाची डहाळी तोडली आणि फाटकाला बांधली.

घरात देवी आली, म्हणजे कुणाच्या अंगावर कांजण्या फुटल्या, की दाराला कडुलिंब लावतात, आणि तो दिसला की शहाणा माणूस फाटकावरूनच हात जोडतो.

शेजारच्या चारुलताकाकूंनी भिंतीवरून विचारलं, "अगो बाई! कोणाले आली वं माता?"

नवऱ्याचं नाव घ्यायला कामिनीची जीभ धजेना. "मले," ती म्हणाली.

डॉक्टरांना जे जमलं नव्हतं ते चार पानांनी केलं. नत्थूजी फाटकाला नमस्कार करून परत फिरले. शिवाय अंगात देवी असलेल्या बाईनं काम करायचं नसतं, घरात फोडणी द्यायची नसते, झाडू मारायचा नसतो. काकू भिंतीवर दहीभाताचा डबा ठेवू लागल्या. "उठू नको वं, मातेले आराम लागते." किडनी दिली तेव्हा हा आराम कुणाला सुचला नव्हता. त्या दुपारी कामिनी महिन्याभरात पहिल्यांदा झोपली. आत कृष्णकांत बिनफोडणीची खिचडी खात कुरकुरत होते, "मातेपायी माझी जीभ मेली."

तिसऱ्या दिवशी भानगड झाली. तपासणीसाठी रक्त न्यायला येणारा माणूस डहाळी पाहून फाटकावरूनच पळाला, आणि त्यानं हॉस्पिटलात सांगितलं. लगेच तिथं कृष्णकांतची केस पाहणाऱ्या श्वेता मॅडमचा फोन आला.

"घरात कांजण्या? ताई, त्यांना झाल्या तर आम्ही वाचवू शकणार नाही! पेशंटला तयार ठेवा, ॲम्ब्युलन्स निघालीये."

कामिनीला खरं सांगावं लागलं. श्वेता मॅडमनी एकच विचारलं.

"डहाळी बांधल्यापासून आत किती जण आले?"

"एकही नाही, मॅडम."

"मग काढू नका. ॲम्ब्युलन्स परत बोलावते. रक्त न्यायला येणाऱ्यालाही समजावते."

पण ॲम्ब्युलन्स तोवर भोंगा वाजवत गल्लीत शिरली होती. ती फाटकासमोर थांबली, ड्रायव्हरचा फोन वाजला आणि ती गुपचूप मागं गेली. अख्ख्या गल्लीनं हे पाहिलं.

"मातेनं गाडी परतवली!" चारुलताकाकू ओरडल्या.

संध्याकाळपर्यंत फाटकावर हळदकुंकू, नारळ, अगरबत्त्या आणि तीस बाया जमल्या. आता कुणाला उंबरठ्याची भीती नव्हती. सगळ्यांना आत येऊन जागृत मातेच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं. त्यातल्या निम्म्या शिंकत होत्या. कामिनी जाळीच्या दारामागं पदर घेऊन बसली होती आणि तिचे हातपाय कापत होते. देवी अंगात आल्यावर कापतातच, म्हणून गर्दीची श्रद्धा आणखी वाढली.

तेवढ्यात गर्दी सारत सुभद्राबाई आल्या. कामिनीची सासू. ऑपरेशनच्या वेळी "बायकोची किडनी नवऱ्याले कशी चालन? संसार उलटा होईन," असं म्हणून ज्या गावी निघून गेल्या होत्या, त्या. सुनेला माता आल्याचं कळल्यावर मात्र पहिल्या एसटीनं निघाल्या होत्या. त्यांना अडवायची कुणाची टाप नव्हती, आणि त्या आत गेल्या की मागून तीस जणी शिरणार होत्या.

त्यांनी फाटक उघडलं, पायऱ्या चढल्या. "हात दाखव."

कामिनीनं जाळीच्या फटीतून हात बाहेर काढला. सुभद्राबाईंनी चार लेकरांना माता आल्यावर त्यांची सेवा केली होती. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला. हातावर एक फोड नव्हता. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. आत पलंगावर मास्क लावून बसलेल्या मुलाकडे पाहिलं. मग सुनेचा दुसरा हात पाहिला, कूस घट्ट दाबून धरलेला.

कामिनीनं डोळे मिटले.

सुभद्राबाई गर्रकन वळल्या. "मागं सरा! कडक माता आहे. सव्वा महिना फाटकाच्या आत कोणी पाय ठेवाचा नाही. जो ठेवन, त्याच्या घरी जाईन ती!"

नारळ तिथंच टाकून गल्ली रिकामी झाली. मग म्हातारीनं उंबरठ्याबाहेरूनच वाकून जाळीला डोकं टेकवलं. लांबून पाहणाऱ्या काकूंना वाटलं, सासूही पाया पडली.

"टाके दुखतात का वं?" सुभद्राबाईंनी हळूच विचारलं.

हे कामिनीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं मान डोलावली आणि पदर तोंडाशी धरला.

"नीज मग," सासू म्हणाली. "मी चारुलताकडे राहतो. डहाळी सुकली का बदलून देत जाईन."